आधी सांगते, मग ढकलते

१० जानेवारी

प्रिय वन्सं,

वाकून नमस्कार करणार होते, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच स्वीकारा. फोन सोडून पत्र का, असं विचारू नका. फोन केला की सासूबाई शेजारी येऊन बसतात आणि मी नुसतं 'हं' म्हटलं तरी 'काय म्हणाली, काय म्हणाली' सुरू होतं. तुमच्याच आई आहेत, मी काय वेगळं सांगणार.

तर विषय तुमच्या भाचीचा. पोटात असताना इतक्या गिरक्या घ्यायची म्हणून आपण दोघींनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. आता पाच वर्षांची झाली आणि ही भिंगरी जमिनीला चिकटून बसली आहे. पाय जमिनीवरून सुटले की संपलं. उचलून घ्या, किंचाळते. खुर्चीवर बसवा, कडेला सरकत सरकत खाली उतरते. केस धुताना मान मागे केली की असा आकांत करते की शेजारच्या काकू एकदा धावत आल्या होत्या. बागेत सगळी पोरं झोक्यांवर आणि घसरगुंडीवर, आणि आमची बाई खाली बसून मातीत रेघोट्या मारणार. डॉक्टरांनी डोळे, कान, हाडं, सगळं तपासलं. ठणठणीत म्हणाले.

घर तळमजल्यावर, त्यामुळे इतके दिवस मी मनावर घेतलं नाही. पण शाळेच्या मोठ्या बाईंनी परवा बोलावून घेतलं. पहिलीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. जूनपर्यंत ही जिना चढायला लागली नाही तर आणखी एक वर्ष खाली, छोट्यांच्या वर्गात. बाई वाईट नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, रोज कोण उचलून नेणार? आणि उचललं तर ही शाळा डोक्यावर घेणार.

तुमचे बंधुराज म्हणतात, "नाटकं आहेत. लाडावून ठेवलीय." स्वतः घड्याळाच्या दुकानात दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसतात, त्यामुळे एक इंचापेक्षा मोठं काही त्यांना दिसतच नाही.

काल रात्री जेवताना ती मला म्हणाली, "आई, सगळे वर गेले ना, की मी खाली बसून त्यांच्या चपला सांभाळीन." अगदी आनंदात म्हणाली.

तू मुलांचीच थेरपिस्ट आहेस. काहीतरी सांग. (बघा, घाईत 'तू' म्हटलं. म्हणजे किती गंभीर आहे ते समजा.)

तुमची,
वहिनी

—

१८ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं 'वन्सं, वन्सं' वाचून मी दारात कोणी नऊवारीतली बाई उभी आहे का ते बघून आले. 'तू'च म्हण. गंभीर नसलीस तरी म्हण.

आधी एक गोष्ट दादाच्या कानात ओरडून सांग. ही नाटकं नाहीत. कानाच्या आत, पार खोल, तोल सांभाळणारा एक इवलासा भाग असतो. आपण सरळ आहोत की कललेले, थांबलो आहोत की हललो, हे तो मेंदूला सांगत असतो. काही मुलांच्या बाबतीत तो निरोप फार मोठ्याने पोहोचतो. आपल्याला वाटतं एक पायरी चढलो, तिला वाटतं कड्यावरून लोटून दिलं. तू रोज कड्यावरून लोटली गेली असतीस तर तूही चपलाच सांभाळल्या असत्यास.

आता माझा आवडता विषय, झोका. आमच्या केंद्रात एक अख्खी खोली झोक्यांची आहे. लोकांना वाटतं, बाई पगार घेऊन पोरांना खेळवते. खेळवतेच. पण झोक्यावर बसलेलं मूल पोट-पाठ ताठ धरतं, दोन्ही हातांनी सारखं पकडतं, तोल गेला की स्वतःच सावरतं. एका तालात, पुढे-मागे, सावकाश झोका मिळाला की चिडलेलं मूल शांत होतं. ज्याला एका जागी बसवत नाही, त्याला झोक्यानंतर बसवतं. हे सगळ्यांना सारखं लागू पडतं असं मात्र नाही. कोणाला जास्त लागतो, कोणाला थेंबभर. भिंगरीला थेंबभर.

म्हणून घरात एक झोका टांगा. अगदी खाली. ती बसली की दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. गोल फिरणारा नको, सरळ पुढे-मागे जाणारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणीही ढकलायचं नाही. तिला वाटेल तेव्हा बसेल, वाटेल तेव्हा उठेल, नाही वाटलं तर बघणारसुद्धा नाही. तिला 'बस, बस' म्हणायचं नाही. मी खरं म्हणजे येऊन तिला बघायला हवं, पण सध्या इथून हलणं शक्य नाही. कामं आहेत. तोवर उंटावरून शेळ्या हाकते, चालवून घे.

दादाला म्हणावं, टांगायचं काम तू कर. त्याचा हात सफाईदार आहे.

तुझी,
नणंद

—

२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

हात सफाईदार आहे म्हणालात ना? आता ऐका.

तुमचं पत्र मी बंधुराजांना वाचून दाखवलं. 'एका तालात' हे दोन शब्द कानावर पडले आणि पुढचं त्यांनी काही ऐकलंच नाही. उठले, टेप घेतली, दिवाणखाना आणि आतली खोली यांच्यामधल्या दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी दांडा बसवला. ओळंबा लावून बघितला. फळीला पॉलिश काय, दोरांच्या गाठी काय, सगळं बघण्यासारखं. मग दुकानातलं लंबकाचं मोठं घड्याळ घरी आणलं, समोरच्या भिंतीवर टांगलं, आणि झोका त्याच्याशी जुळवत बसले. लंबक लांब असला की हळू जातो, आखूड असला की भरभर, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं होतं, त्यामुळे मी गप्प राहिले. दोर आखूड करत करत शेवटी झोका आणि घड्याळ अगदी बरोबर जुळले. "बघ! ताल म्हणजे असा ताल," म्हणाले.

वन्सं, झोक्याची फळी तुमच्या भाचीच्या हनुवटीला लागत होती.

मी म्हटलं, "अहो, पाय टेकायला हवेत." तर म्हणाले, "खाली केला की घड्याळाशी जुळत नाही." आणि मी पोळ्या लाटत होते तेवढ्यात तिला उचलून बसवलं आणि हलकेच ढकललं. हलकेच, असं त्यांचं म्हणणं. एकच झोका. ती ओरडलीसुद्धा नाही. आवाजच फुटला नाही तिला. मी गेले तेव्हा दोर इतके घट्ट धरले होते की एकेक बोट सोडवावं लागलं.

आता ती त्या दारातून जातच नाही. आतल्या खोलीत जायचं तर स्वयंपाकघरातून वळसा घालून जाते. सासूबाई झोक्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवतात. तेवढा उपयोग आहे.

बंधुराज दोन दिवस दुकानातून उशिरा येतात. मी रागावले आहे, पण काय रागवायचं? प्रेमापोटीच केलं सगळं.

फेब्रुवारी लागला. जून काही फार लांब नाही.

वहिनी

—

९ फेब्रुवारी

वहिनी,

तुझा नवरा माझा भाऊ आहे हे तू पुराव्यानिशी सिद्ध कर, मग मी मान्य करीन.

झोका खाली कर. आजच. घड्याळ दुकानात परत पाठव. ढकलणारे दोन्ही हात खिशात.

आणि एक कळत नाही. दादाच्या हातून ही चूक व्हावी? लहानपणी बागेत त्याच्याइतका छान झोका देणारा कोणी नव्हता. मी तासन्‌तास बसायची आणि तो मागे उभा. कितीदा म्हटलं, "दादा, आता तू बस." म्हणायचा, "तूच बस गं, मला कंटाळा येतो." स्वतःची प्रत्येक पाळी त्याने मला दिली. मैत्रिणी जळायच्या माझ्यावर. केंद्रात नवीन शिकायला येणाऱ्या मुलींना मी अजून त्याचं उदाहरण देते, की भाऊ असावा तर असा! आता उदाहरण बदलावं लागणार.

भिंगरीसाठी सध्या काहीही करू नका. खरंच काही नाही. झोका खाली करून विसरून जा. तिला दाराची भीती आहे ती तिच्या वेगाने जाऊ दे. तुला वाटेल, ही लांब बसून नुसतं 'काही करू नका' म्हणते आणि त्याचे पैसे घेते. घेते.

नणंद

—

६ मार्च

प्रिय वन्सं,

तुम्ही 'काही करू नका' म्हणालात. मी केलं. पण भिंगरीसाठी नाही केलं, माझ्यासाठी केलं, तेव्हा तो गुन्हा धरू नका.

झाकून ठेवायचं होतं, पण आता सांगितल्याशिवाय राहवत नाही. सकाळभर मी औषधांच्या दुकानात काउंटरला उभी. घरी येते तेव्हा पाय दगड झालेले असतात. दुपारी सासूबाई आडव्या होतात, भिंगरी कोपऱ्यात भिंतीला टेकून चित्रं काढत बसते. एका दुपारी झोक्यावरच्या घड्या उचलायला गेले आणि उचलता उचलता बसले. झोका आता इतका खाली आहे की गुडघे हनुवटीला लागतात. बसले आणि पायांनी जरा रेटलं. वन्सं, काय सांगू! कंबर, पाय, दिवसभराची गिऱ्हाइकं, सगळं कुठल्या कुठे गेलं. दुसऱ्या दिवशी घड्या उचलायचं निमित्तही केलं नाही. सरळ जाऊन बसले. पस्तिशी उलटलेली बाई चोरून झोके खाते, हे कोणाला सांगणार?

ती बघत होती. मी तिच्याकडे बघत नव्हते, शप्पथ. मला खरोखर तिचं भान नव्हतं. थेरपी वगैरे मनातसुद्धा नव्हती. रोज ती कोपऱ्यातून जराशी अलीकडे सरकलेली असायची, हे मला नंतर आठवलं.

गेल्या मंगळवारी मी डोळे मिटून बसले होते आणि पाठीला दोन छोटे तळहात लागले. मागून आवाज आला, "आई, ढकलू?"

मी म्हटलं, "ढकल."

"आत्ता?"

"हं."

"आधी सांगते, मग ढकलते हं. घाबरू नकोस. आता ढकलते. ढकललं."

एवढंसं ढकललं. मग पुढे येऊन माझ्या तोंडाकडे बघितलं. "नको असेल तर थांबू? पाय टेकव हवं तर." मी म्हटलं, आणखी एकदा. पुन्हा तेच. आधी सांगणार, मग ढकलणार, मग पुढे येऊन चेहरा बघणार.

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती म्हणाली, "लागलं?" मी म्हटलं, "नाही गं, मज्जा येतेय."

तुमच्या नियमाप्रमाणे ढकलणं बंद आहे ना? आता काय करू? पोरीला अटक करू?

वहिनी

ता. क. तुमच्या घोट्याचं सासूबाईंकडून कळलं. 'कामं आहेत' काय! प्लास्टर घालून पडलात आणि मला पत्ता नाही. पडलात कशावरून, ते त्या सांगत नाहीत, नुसत्या पदर तोंडाला लावून हसतात.

—

१४ मार्च

वहिनी,

झोक्यावरून पडले. हसून घे. केंद्रातल्या एका पोराला उभ्याने झोका कसा घ्यायचा ते करून दाखवत होते. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान' म्हणतात ते हेच. ते पोर आता मला रोज विचारतं, "ताई, परत करून दाखवता?" तू मला 'काही लपवू नका' म्हणण्याच्या लायकीची नाहीस, दुपारची झोकेवाली.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाचून दाखवलं. त्या आमच्यातल्या सगळ्यात जुन्या. चष्मा पुसत राहिल्या नुसत्या.

कळलं का तुला तिने काय केलं? ज्या पोरीला हलण्याची भीती वाटते, तिने आधी हलवण्याचा ताबा घेतला. झोका कुठवर जातो, कधी परत येतो, माणूस त्यावरून जिवंत उतरतं की नाही, हे ती आपल्या हातांनी, आपल्या आईवर तपासून बघते आहे. मी हे सुचवायला हवं होतं. मला सुचलं नाही. मी नियम लिहून पाठवले आणि नियमांत एवढंच बघितलं की तिला कोणी ढकलू नये. ती कोणाला तरी ढकलू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि ते वाक्य, आधी सांगते, मग ढकलते. वहिनी, ती तुला झोका देत नव्हती. तिला कसा हवा आहे ते सांगत होती. पाच वर्षांत आपल्यापैकी कोणी तिला उचलण्याआधी विचारलं होतं? मी तर तिला भेटले की आधी कडेवर घ्यायची, वर उडवायची, मग विचारायची, "आत्याला ओळखलंस का?"

अटक करू नकोस. गिऱ्हाइकं वाढव. आईला बसव. दादाला बसव. त्याला तर बसवच. ढकलणाऱ्याला एकदा कळू दे.

लंगडी नणंद

—

२९ मार्च

वन्सं,

आज थट्टा करायला सुचत नाहीये. बघू कुठे जमली तर.

सासूबाई बसल्या. भिंगरीने ढकललं, त्यांनी "अगं हळू, अगं हळू" म्हणत आणखी दोनदा मागून घेतलं. आता रोज त्यांचा नंबर पहिला. मग रविवारी तिच्या बाबांची पाळी आली. हे टाळत होते. चहा घेतो, पेपर वाचतो, दुकानात काम आहे. रविवारी कसलं दुकान? भिंगरीने हात धरून आणलं आणि बसवलं.

"बाबा, ढकलू?"

"हो हो, ढकल की," मोठ्या आवाजात म्हणाले.

पहिल्या झोक्याला हसले. दुसऱ्याला चेहरा असा पांढरा पडला की मी हातातलं टाकून धावले. तिने ढकललं ते एवढंसंच होतं, वन्सं, वाऱ्याने हलावं तेवढं. यांनी दोन्ही पाय आपटून झोका थांबवला, चौकटीला मिठी मारली आणि तसेच घसरत खाली बसले. कपाळावर घाम. मला वाटलं, छातीत कळ आली. मी डॉक्टरांना फोन लावायला निघाले तर हाताने 'नको' म्हणाले.

भिंगरी जराही घाबरली नाही. त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्यांचे दोन्ही पाय आपल्या हातांनी खाली दाबून धरले. म्हणाली, "पाय टेकव, बाबा. दोन्ही. असंच बसायचं थोडा वेळ. मग जातं ते."

हे तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला असं होतं?"

ती म्हणाली, "हो. तुला पण?"

"हो," म्हणाले. "मला पण."

संध्याकाळी मला सगळं सांगितलं. लहानपणापासून असंच आहे. झोक्यावर बसलं की पोटात ढवळतं, जमीन निघून जाते असं वाटतं. मुलं हसतील म्हणून कधी बोलले नाहीत. बागेत गेलं की सगळ्यात आधी झोक्याच्या मागे जाऊन उभे राहायचे. ढकलणाऱ्याला कोणी 'बस' म्हणत नाही. म्हणाले, "तिला सांगू नकोस. तिला वाटतं, मी तिला माझी पाळी द्यायचो."

मी लगेच तुला सांगते आहे. नवऱ्याचा शब्द मोडल्याचं पाप तुझ्या घोट्यावर.

त्या रविवारपासून 'नाटकं' हा शब्द घरात ऐकला नाही.

वहिनी

—

५ एप्रिल

दादा,

हे पत्र फक्त तुला. वहिनी वाचेलच, पण आपण तसं समजू नये.

तर तू भित्रा होतास. मी एवढी वर्षं जगाला सांगत फिरले की माझ्या भावाने आपली प्रत्येक पाळी मला दिली, आणि तू मला दिलंस ते काय, तुला नको होतं ते! उरलेली भाकरी भिकाऱ्याला द्यावी तसं. मी दोन दिवस तुझ्यावर चिडून होते. खरंच होते. इतक्या लोकांना दिलेली उदाहरणं आता परत कशी मागू?

मग तिसऱ्या दिवशी केंद्रात एका मुलाच्या मागे उभी होते. प्लास्टर निघालं आहे, काळजी नसावी. उभी असताना मनात आलं. ज्या मुलाला झोक्याकडे बघूनच मळमळतं, ते मूल बागेकडे पाय वळवेल का? घरी बसेल, पोट दुखतं म्हणेल. तू रोज यायचास. मी हाक मारायचे आणि तू यायचास. मी ओरडायचे, "उंच! आणखी उंच!" आणि तू, ज्याला ते बघवत नसणार, तू मला उंच पाठवायचास आणि परत आल्यावर दोन्ही हातांनी धरायचास. एकदाही हात चुकला नाही तुझा. तुला स्वतःला वर जायची जेवढी भीती होती, तेवढ्याच काळजीने तू मला खाली घेत होतास, हे मला आता कळतं.

मी जे काम करते ते त्या झोक्यावर शिकले. तुझ्यामुळे. पाळी दिलीस की नाही, तो हिशेब मी सोडून दिला.

आता तुझ्या लेकीचं. तिला घरात अजून एक माणूस मिळालं आहे, ज्याला तिच्यासारखंच होतं. ते माझ्या सगळ्या झोक्यांपेक्षा मोठं औषध आहे, आणि मला ते देता आलं नसतं, कारण मला काही कशाची भीती वाटत नाही. माझा घोटा साक्षीला आहे. तुम्ही दोघं मिळून बसा. ती सांगेल तेवढंच. ती थांब म्हणाली की थांब. जिन्याची घाई नको, पण जिन्यापाशी रोज जा. बसा तिथे नुसते.

आणि मोठा माणूस आहेस म्हणून लाजू नकोस. घाबरलास की तिला सांग.

तुझी,
खारूताई
(तूच हे नाव ठेवलं होतंस. झाडावर चढायची म्हणून. तू खाली उभा राहायचास! तेव्हाच संशय यायला हवा होता.)

—

१६ जून

प्रिय खारूताई,

मला पत्र लिहिता येत नाही. घड्याळ बिघडलं तर मी उघडून दाखवतो, बोलत नाही. तरी वहिनी म्हणते, हे तुम्हीच लिहा.

उन्हाळाभर आम्ही दोघं त्या झोक्यावर बसायला शिकलो. आधी नुसते त्याला टेकून उभे. मग पाय टेकवून. मग टाचा उचलून, चवडे खाली. ती माझ्या पुढे आहे. तिला आता एक पाय उचलता येतो, मला अजून जमत नाही. ती म्हणते, "घाई नाहीये, बाबा." तुझी वहिनी तोंडात पदर कोंबून हसते, पण मी लक्ष देत नाही. उंच झोका तिला कधी आवडेल असं वाटत नाही. मलाही नाही आवडणार. राहू दे.

आमच्या इमारतीच्या जिन्यावर रोज जात होतो. आधी खालच्या पायरीवर बसायचो. मग बसल्या बसल्या एकेक पायरी वर सरकायचो. वरचे आजोबा उतरताना म्हणायचे, "काय हो, किल्ली हरवली का?" मी हो म्हणायचो. नंतर नंतर म्हणू लागलो, "नाही, जिना चढायला शिकतोय." तेही आमच्या शेजारी बसायला लागले. त्यांचे गुडघे दुखतात.

आज शाळा उघडली. मोठ्या बाई जिन्याच्या वर उभ्या होत्या. मला म्हणाल्या, तुम्ही खालीच थांबा. बाकीची मुलं धडाधड वर गेली, ही भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मला वाटलं, संपलं. पण ती गर्दी जायची वाट बघत होती. जिना रिकामा झाल्यावर कठड्याला दोन्ही हात लावले आणि चढायला लागली. एक पाय वर, मग दुसरा त्याच्याशेजारी. मग थांबायची. मग पुढची. मी खाली. मला झोक्यावर होतं तसंच व्हायला लागलं. मी जिन्याचा खांब धरला.

अर्ध्यावर ती थांबली. हळूच मागे वळली. मला वाटलं, आता रडणार, आता 'बाबा' म्हणून हात पुढे करणार, आणि मी धावलो असतो. बाईंचं काही ऐकलं नसतं.

तिने वरून माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "बाबा, तू बरा आहेस ना?"

मी म्हटलं, "आहे."

"नक्की?"

"नक्की."

मग ती वळली आणि उरलेल्या पायऱ्या चढून वर्गात गेली.

मी तिथेच पायरीवर बसलो. शाळेचे शिपाईमामा आले, म्हणाले, "साहेब, बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?" मी म्हटलं, आणा. मला रडू येत होतं म्हणून पाणी मागितलं. बरं तर मला इतकं वाटत होतं की तुला काय सांगू.

तुझा,
दादा